एकटेपणाचे अनेकवचन : ‘मीओ, मिन मीओ’ या कादंबरीतील सोबती आणि जादूची वस्तू

१

मराठी समीक्षेत ‘पलायन’ हा शब्द बहुधा आरोप म्हणूनच वापरला गेला आहे. वास्तवाचा भार न पेलल्यामुळे लेखक स्वप्नसृष्टीचा आश्रय घेतो आणि वाचकालाही तिकडे नेतो, असा त्या आरोपाचा आशय असतो. प्रौढांच्या वाङ्मयासंबंधी या आरोपाची उलटसुलट चर्चा पुष्कळ झाली. मुलांच्या वाङ्मयासंबंधी ती त्या मानाने थोडी झाली, कारण मुलांच्या गोष्टीत राजा, राक्षस आणि जादू असायचीच, असे एकदा गृहीत धरले की तेथे कोण कशापासून पळत आहे, हा प्रश्न उरत नाही. परंतु जेथे पळणारे मूल स्वतःच निवेदक आहे, आणि ज्यापासून ते पळते ते शहर, तो रस्ता व ते घर नावानिशी सांगितलेले आहे, तेथे हा प्रश्न टाळता येत नाही. स्वीडिश लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन (१९०७–२००२) यांची १९५४ साली प्रसिद्ध झालेली ‘मीओ, मिन मीओ’ ही कादंबरी अशा कृतींपैकी एक होय.

या कादंबरीचे कथानक थोडक्यात असे : स्टॉकहोममधील बू विल्हेल्म उल्सोन, ज्याला सारे बोस्से म्हणतात, हा नऊ वर्षांचा शाळकरी मुलगा. आई त्याच्या जन्माच्या वेळी वारली. बाप कोण, हे कोणास ठाऊक नाही. अनाथाश्रमातून त्याला घेऊन गेलेल्या एड्ला काकू आणि सिक्स्टेन काका यांना वस्तुतः मुलगी हवी होती. तो घरात आला तो दिवस वाईट, हे काकू त्याला ऐकवत असते. बेंका हा त्याचा एकमेव जिवलग मित्र. बेंकाचे वडील बेंकाशी बोलतात, त्याच्याबरोबर लहानशी विमाने तयार करतात. बोस्से ते पाहतो. एके संध्याकाळी फळांच्या दुकानातील बाई त्याला एक सफरचंद देते आणि एक पत्र पेटीत टाकावयास सांगते. सफरचंद त्याच्या हातात सोन्याचे होते. टेग्नेरलुंडेन या छोट्या बागेत त्याला बियरच्या बाटलीत कोंडलेला एक जिन सापडतो, आणि तो जिन त्याला सुदूर देशी घेऊन जातो. तेथील राजा हाच त्याचा बाप ठरतो. मुलाचे खरे नाव मीओ असते. तेथे त्याला यूम-यूम हा माळ्याचा मुलगा मित्र म्हणून मिळतो, आणि मिरामिस नावाचा पांढरा घोडा मिळतो. पुढे मुलांना पळवून पक्षी करून ठेवणाऱ्या दगडी काळजाच्या काटोशी लढण्यास मीओ आणि यूम-यूम निघतात, आणि काटोचा अंत होतो.

एवढ्यावरून ही कृती लोककथेच्या साच्यातील वाटेल. तिचा विशेष तिच्या घटनांत नसून तिच्या व्याकरणात आहे. बोस्सेविषयी, बोस्सेशी आणि बोस्सेबरोबर बोलणारे तीन आवाज या कादंबरीत आहेत, आणि ते अनुक्रमे तृतीय पुरुषाचे, द्वितीय पुरुषाचे व प्रथम पुरुषी अनेकवचनाचे आहेत. या तीन आवाजांच्या परस्परसंबंधात या पलायनाचा खरा अर्थ साठविलेला आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

कादंबरीचा प्रारंभ नभोवाणीवरील निवेदनाच्या उल्लेखाने होतो. गेल्या वर्षी १५ ऑक्टोबरला नभोवाणी ऐकली होती काय, असे निवेदक वाचकास विचारतो. एक मुलगा हरवला आहे. त्याचे नाव, वय, राहण्याचा पत्ता, केसांचा व डोळ्यांचा रंग, अंगावरचे कपडे, डोक्यावरची लाल टोपी, अशी ती यादी. हे पोलिसी निवेदन सर्वस्वी तृतीय पुरुषात आहे. त्यातील एकही तपशील खोटा नाही. तथापि ज्याच्याविषयी तो आहे, त्याला उद्देशून त्यातील एकही शब्द नाही. मूल जोवर घरात होते, तोवर त्याच्याविषयीची भाषा याच प्रकारची होती. काकू त्याच्याविषयी बोलते, त्याच्या असण्याबद्दल तक्रार करते. त्याच्याशी मात्र ती बोलत नाही. हरवल्यानंतरचे निवेदन हे त्या भाषेचेच शासकीय रूप होय. ‘मी कोठे गेलो हे कोणालाच माहीत नाही, म्हणून मीच सांगतो’ या भूमिकेवरून बोस्से जे निवेदन सुरू करतो, ते या तृतीय पुरुषाला दिलेले उत्तर आहे.

३

पलायनाला साधन लागते, आणि अद्भुतकथेत ते साधन जादूची वस्तू असते. रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली लोककथेच्या रूपाची जी मीमांसा केली, तीत दाता, त्याने दिलेली जादूची वस्तू आणि तिच्या बळावर नायकाचे कार्य, ही मध्यवर्ती सूत्रे आहेत. ‘मीओ’मध्ये अशा वस्तूंची रेलचेल आहे : सफरचंद, बाटली, अदृश्य करणारा झगा, भूक भागविणारा चमचा, दगड चिरणारी तलवार. प्रॉपची सूत्रे येथे जवळजवळ जशीच्या तशी लागू पडतात. पण या वस्तू नीट पाहिल्या, तर त्यांचे दोन गट पडतात, आणि या विभागणीचा उलगडा त्या सूत्रांतून होत नाही.

पहिला गट स्टॉकहोममधील वस्तूंचा. सफरचंद फळवाल्या बाईकडचे, बाटली बियरची. बोस्सेला परिचित असलेला म्हातारा घोडाही बियरच्या कारखान्याच्या गाडीचा. त्याचेच डोळे पुढे मिरामिसला मिळतात. बाटलीतील जिन बोस्सेने ‘अरेबियन नाइट्स’मध्ये वाचलेला आहे, म्हणूनच तो त्याला ओळखतो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ वाचत वाढलेल्या मराठी वाचकालाही तो जिन अपरिचित नाही. म्हणजे पळून जाण्याची सर्व सामग्री, एका दरिद्री बालपणात हाताशी असलेल्या वस्तूंतून आणि वाचलेल्या पुस्तकांतून उभी राहिली आहे. सोन्याचे सफरचंद कोणतेही पराक्रमाचे काम करीत नाही. ते केवळ खूण आहे. पत्रात राजाला कळविलेले असते की ज्याचा शोध तुम्ही इतकी वर्षे करीत होता तो येत आहे आणि त्याच्या हाती ही खूण असेल. ज्या मुलाची ओळख नभोवाणीवर टोपीच्या रंगाने होते, त्याला येथे दुसरी ओळख मिळते. ती शोध घेणाऱ्या बापाने मान्य केलेली आहे.

दुसरा गट सुदूर देशातील वस्तूंचा. त्यांतील महत्त्वाच्या वस्तूंमागे एकेक हरवलेले मूल आहे. झग्याचे अस्तर विणणाऱ्या विणकर स्त्रीची मुलगी मिलिमानी काटोने नेलेली आहे. चमचा जिरीच्या अपहृत लहान बहिणीचा आहे. शेवटी पक्षीरूपातील मिलिमानी आगीत होरपळते, तेव्हा आईने विणलेल्या त्याच वस्त्रात गुंडाळल्यावर ती जिवंत होते. या वस्तूंचे सामर्थ्य मंत्रातून आलेले नसून शोकातून आलेले आहे. ज्या घरांतून मुले नाहीशी झाली त्या घरांनी, दुसऱ्याच्या मुलाला वाटेत लागेल म्हणून, जे जवळ होते ते दिले. एड्ला काकूच्या घरात जे नव्हते ते या घरांत आहे : येथे मूल हरवले, तर त्याची उणीव जाणवते.

काटोचा अंतही लोककथेच्या रीतीशी ताडून पाहण्याजोगा आहे. आपल्याकडील गोष्टींत राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडे पोपटात असतो, आणि पोपटाची मान मुरगळली की राक्षस मरतो. काटोच्या छातीत दगडाचे काळीज आहे. ते आपल्यालाच आत घासते व दुखते, म्हणून घाव नेमका तेथेच घाल, असे तो स्वतः सांगतो. तो पडल्यावर उरतो दगडांचा ढीग आणि खिडकीपाशी बाहेर जाऊ पाहणारा एक लहान करडा पक्षी. मीओ खिडकी उघडून त्याला सोडून देतो. तेथे पक्षी मारून राक्षस मरतो, तर येथे राक्षस मरून पक्षी सुटतो.

४

आता सोबत्याकडे वळता येईल. प्रॉपच्या सूचीत साहाय्यक आहे. तो नायकाला वाहून नेतो, संकटातून सोडवितो, अशक्य कामे करतो. यूम-यूम यांपैकी फारच थोडे करतो. हरवल्यास एकमेकांना शोधण्यासाठी बासरीवर एक धून वाजवावयाची, एवढा दोघांचा करार आहे. बाकी तो मीओबरोबर चालतो आणि धास्तावतो. कथानकाच्या दृष्टीने त्याला वगळले, तर फारसे बिघडणार नाही असे वाटते. मग तो आहे कशासाठी?

घाबरणारा सोबती ही आपल्या नाट्यपरंपरेला नवी गोष्ट नाही. ‘शाकुंतला’तील विदूषक राक्षसांचे नाव ऐकताच तपोवनात जाण्याचा उत्साह घालवून बसतो. परंतु विदूषकाचे भय राजाच्या धैर्याला शोभा आणते आणि प्रेक्षकाला हसविते. ते राजाचे भय नव्हे. यूम-यूमचे भय कोणालाही हसवीत नाही, कारण ते मीओचेही आहे. नायकाला जे बोलता येत नाही, ते सोबती बोलतो.

हे बोलणे कादंबरीत पालुपदासारखे पुनःपुन्हा येते. समोरचे स्थळ इतके काळोखे नसते, आणि दोघे जण इतके लहान व एकटे नसते तर बरे झाले असते, असा त्याचा आशय आहे. पूर्वार्धातील स्थळ प्रवासाबरोबर बदलत जाते. उत्तरार्ध बदलत नाही. मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगावयाचे, तर पहिल्या अर्धात विरोधलय आणि दुसऱ्यात संवादलय अशी ही रचना आहे : जग दरवेळी नवे असते, भय दरवेळी तेच असते. वाक्य संकेतार्थी आहे, ही गोष्टही लक्षणीय आहे. ‘मला भीती वाटते’ असे विधान यूम-यूम करीत नाही. ‘परत जाऊ’ अशी आज्ञाही करीत नाही. जे तसे नाही त्याची तो केवळ इच्छा करतो, आणि इच्छा करीत पुढे चालतो. भय बोलून दाखविणे आणि पाऊल न थांबविणे ही दोन्ही कामे एकाच क्रियारूपाने साधली आहेत.

या पालुपदातील कळीचा शब्द ‘एकटे’ हा आहे. स्वीडिशमधील ‘एन्साम’ या विशेषणात ‘एन’ म्हणजे एक ही संख्या आहे, जशी मराठी ‘एकटा’ या शब्दात आहे. पालुपदात त्याचे ‘एन्सामा’ हे अनेकवचन येते. आत ‘एक’ आणि बाहेर अनेकवचनाचा प्रत्यय, अशी ही शब्दरचना. दोघे बरोबर असताना दोघे ‘एकटे’ कसे? यावर आक्षेप निघेल की हा नित्याचाच प्रयोग आहे. ‘पोरे घरात एकटीच आहेत’ असे मराठीतही सहज म्हटले जाते, आणि तेथे वडीलधारे कोणी जवळ नाही एवढाच अर्थ असतो. आक्षेप योग्य आहे. पण तो मान्य केल्यानेच पालुपदाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. या मुलांचे एकटेपण सोबतीने भरून निघणारे नव्हे. ते बापाच्या अभावाचे एकटेपण आहे. मित्र ते दूर करू शकत नाही. मित्र एवढेच करू शकतो की त्या एकटेपणाला अनेकवचनाचा प्रत्यय लावतो.

येथे मराठी अनुवादकापुढे एक पेच उभा राहतो, आणि तो या कृतीच्या अंतरंगात नेणारा आहे. स्वीडिशमध्ये प्रथम पुरुषी अनेकवचनाचे एकच सर्वनाम आहे. द्राविड भाषांप्रमाणे मराठीत व गुजरातीत मात्र दोन आहेत : ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’. यूम-यूम मीओला उद्देशून बोलत असेल, तर ‘आपण लहान आणि एकटे’ असे म्हणावे लागेल. पण ही सारी गोष्ट बागेतील बाकावर बसलेला एक मुलगा सांगत असेल, आणि यूम-यूम हा बेंकाच्या चेहऱ्यावरून त्याने रचलेला सोबती असेल, तर त्या शब्दांचा खरा श्रोता मीओ नव्हे, वाचक होय. आणि वाचकाला उद्देशून ‘आम्ही’ हेच रूप साजेल. स्वीडिश सर्वनाम हे दोन्ही अर्थ एकाच वेळी धारण करते. मराठीत एक निवडावा लागतो. ‘आपण’ हेच रूप स्वीकारणे इष्ट, असे वाटते. कारण ‘आपण’ म्हणताना वाचकही त्या दोघांच्या बाजूला येतो, तर ‘आम्ही’ म्हटले की तो नभोवाणी ऐकणाऱ्यांच्या बाजूला राहतो.

५

तिसरा आवाज बापाचा. कादंबरीचे नाव हे त्याचेच शब्द आहेत. राजा मुलाला ज्या रीतीने हाक मारतो, तीच हाक पुढे काळोखात, संकटात मीओला आठवते. स्वीडिशमधील ‘मिन’ हे संबंधवाचक रूप विधानातही तेच आणि संबोधनातही तेच. मराठीत मात्र ‘माझा मीओ’ हे विधान आणि ‘माझ्या मीओ’ ही हाक. ग्रंथनामाचे भाषांतर ‘माझा मीओ’ असे केले, तर तोही एक प्रकारे पोलिसी निवेदनाचाच नमुना होईल : अमुक मुलगा अमुक माणसाचा. ‘मीओ, माझ्या मीओ’ असे संबोधनच केले पाहिजे, कारण या मुलाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना कोणी तरी त्याच्याविषयी न बोलता त्याच्याशी बोलणे ही आहे.

राजाचे राजेपण या दृष्टीने फार थोडे आहे. तो विमाने तयार करतो. मुलाची उंची स्वयंपाकघराच्या दारावर खूण करून मोजतो. राजवाड्यातील स्वयंपाकघराचे दार ही गोष्ट कोणत्याही अद्भुतकथेच्या संकेतात बसणारी नाही. ती बेंकाच्या घरातून आली आहे. हरवलेल्या मुलाने सिंहासन मागितले नाही. वाढत्या उंचीची नोंद कोणी तरी ठेवावी, एवढेच मागितले. राजवाडा त्या दारासाठी बांधला गेला आहे.

६

शेवटच्या पानावर निवेदक पुन्हा एड्ला काकूकडे वळतो. आपण बागेतील बाकावर बसून उजळलेल्या खिडक्यांकडे पाहत आहोत, असे काकूला वाटत असेल. पण तिची समजूत चुकीची आहे, त्या बाकावर कोणीही बसलेले नाही, असे तो आवर्जून सांगतो. आपल्या शास्त्रकारांचा एक दंडक आहे की जे प्राप्त असते त्याचाच निषेध होतो. ज्याची शक्यता नाही त्याचा निषेध कोणी करीत नाही. या निषेधातून तो बाक, ती संध्याकाळ आणि त्यावर बसलेला मुलगा वाचकाच्या डोळ्यांसमोर ठसतात. तोवर ज्याच्या मनात शंका आली नव्हती, त्या वाचकालाही ती येथे येते.

त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० साली अद्भुताची व्याख्या करताना, घटना लौकिक की अलौकिक या संभ्रमाला मध्यवर्ती स्थान दिले. ‘मीओ’मध्ये निवेदकाला हा संभ्रम मुळीच नाही, तो सर्वस्वी वाचकाला होतो. त्यामुळे वाचकावर एक जबाबदारी येते. ‘हे सर्व स्वप्न होते, मुलगा बाकावरच बसला आहे’ असा निर्णय देणारा समीक्षक सूक्ष्मदर्शी ठरतो खरा, पण तो जे म्हणतो ते शब्दशः काकूचे मत असते. उलट ‘मुलगा सुखरूप पोहोचला’ असे मानून पुस्तक मिटणारा वाचक ऑक्टोबरच्या थंडीत बसलेल्या मुलाला बाकावरच सोडून निघून जातो. दोन्ही वाचनांत मूल हरवते. ज्या वाचनात दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात वागवता येतील, तेवढेच वाचन त्याला सापडवते.

जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३९ सालच्या परीकथांवरील व्याख्यानात कैद्याची सुटका आणि रणातून पळणाऱ्या सैनिकाचे पलायन यांत भेद केला होता. समीक्षक या दोहोंची गल्लत करतात, अशी त्यांची तक्रार होती. बोस्सेच्या बाबतीत आणखी एक पाऊल पुढे जाता येईल. कैदी सुटतो तो तुरुंगापासून दूर जातो. बोस्से सुदूर देशात जाऊन ज्याच्याशी लढतो ते दगडी काळीज त्याच्याच घरी होते. ज्या मुलांना सोडवितो ती त्याच्यासारखीच घरापासून तुटलेली आहेत. ज्यापासून तो पळाला, त्याच्याकडेच तो दुसऱ्या वाटेने परत येतो. यावेळी त्याच्या हाती खूण आहे आणि शेजारी सोबती आहे.

लेखिकेच्या चरित्रात या कथेची किल्ली शोधण्याचा मोह होण्यासारखा आहे. १९२६ साली जन्मलेला तिचा मुलगा लार्स याला काही वर्षे कोपनहेगनमध्ये परक्या कुटुंबात ठेवावे लागले होते. पुस्तकाची चित्रे काढणाऱ्या इलोन विकलांड याही १९४४ साली किशोरवयात एस्टोनियातून निर्वासित म्हणून स्वीडनला आलेल्या. हे तपशील नोंदवण्याजोगे आहेत. पण त्यांनी कृतीचे स्पष्टीकरण होत नाही, तिच्या गांभीर्याची खात्री मात्र पटते. लिंडग्रेन यांच्या ‘सिंहहृदय बंधू’ (१९७३) या कादंबरीतही शेवट असाच दुहेरी आहे; तो अपघात नव्हे, ती त्यांची पद्धती होय.

यास्तव ‘मीओ’ला पलायनवादी म्हणावयाचे असेल, तर त्या शब्दाचा अर्थ आधी निश्चित करावा लागेल. हरवलेल्या मुलाविषयी तृतीय पुरुषात बोलणे समाजाला नेहमीच जमते. त्याला द्वितीय पुरुषात हाक मारणारा कोणी नसेल, तर तो राजा त्याला स्वतःच निर्माण करावा लागतो; आणि तोवरच्या काळोख्या वाटेवर ‘आपण’ म्हणणारा एक धास्तावलेला मित्र लागतो. तलवारीविना ही कथा सांगता आली असती. यूम-यूमच्या त्या एका भयभीत वाक्यावाचून ती सांगता आली नसती, कारण तेवढ्या एका वाक्यात बाकावरचा मुलगा स्वतःविषयी खरे बोलतो.